स्विचची घड्याळं जुळवताना: भोसरीतल्या एका कारखान्याचं प्रकरण

शुक्रवारी सकाळी १० वाजून ४२ मिनिटांनी भोसरी एमआयडीसीतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मशीन शॉपचं नेटवर्क बसलं. सीएनसी मशीनना प्रोग्रॅम मिळेनात, बारकोड स्कॅनर थांबले आणि लाइन ११ मिनिटं उभी राहिली. मेंटेनन्सवाले हाताला येईल ती पॅच कॉर्ड काढत गेले. त्यातली कुठलीतरी एक निघाली आणि वाहतूक सुरू झाली. कुठली, ते मात्र कुणालाच सांगता येईना. आदल्या दिवशी, गुरुवारी, देखभालीसाठी वीज बंद होती. त्यामुळे पहिला संशय त्यावरच गेला.

अशा वेळी उत्तर लॉगमध्ये, म्हणजे उपकरणाने वेळेसह लिहिलेल्या नोंदींत, असतं. कारखान्यात १४ मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या तारा जोडणारी, सेटिंग करता येणारी उपकरणं) होते: सर्व्हर रूममध्ये एक कोअर, म्हणजे मुख्य, शॉप फ्लोअरवर नऊ ॲक्सेस, म्हणजे मशीन जोडायचे, आणि टूल रूम, स्टोअर, सुरक्षा केबिन, कँटीन इथे प्रत्येकी एक असे चार छोटे आठ पोर्टचे, ब्राउझरमधून सेटिंग करायचे. सगळ्यांचे लॉग ते गोळा करणाऱ्या एका सिसलॉग सर्व्हरवर येत होते. पण वेळेनुसार लावून पाहिले तेव्हा एकाच घटनेच्या नोंदी तीन ठिकाणी विखुरलेल्या निघाल्या. ॲक्सेस स्विच १ मार्चची रात्र सांगत होते, छोटे स्विच पहाटेचे सव्वापाच आणि कोअर साधारण खरी वेळ. कोअरच्या नोंदी तेवढ्या १०:४२ च्या आसपास दिसल्या, म्हणून दोष कोअरवर ढकलून सगळे मोकळे झाले. पुढे तो कोअरचा नव्हताच असं निघालं.

आधी हाताने जुळणी

वेळेची व्यवस्था दुरुस्त करण्याआधी एक काम करून घ्यावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. प्रत्येक स्विचचं घड्याळ खऱ्या वेळेपासून आत्ता किती दूर आहे ते लिहून ठेवायचं. एकदा घड्याळ दुरुस्त केलं की जुन्या नोंदी वाचायची किल्ली गेली.

पद्धत सोपी आहे. एनपीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, वेळेशी जुळवलेला लॅपटॉप शेजारी ठेवायचा, स्विचवर कॉन्फिगरेशन मोडमध्ये जाऊन लगेच बाहेर यायचं. बाहेर पडताच स्विच स्वतःच्या घड्याळाने लॉगमध्ये एक ओळ टाकतो. त्याच क्षणाची लॅपटॉपवरची वेळ शेजारी लिहायची. मशीन शॉपमधल्या ॲक्सेस स्विचवर खरी वेळ ११:३०:०० असताना लॉगमध्ये आलं: १ मार्च, २३:५४:००. त्याच स्विचवर मॅक ॲड्रेस (उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) दोन पोर्टांमध्ये उड्या मारत असल्याची पहिली तक्रार २३:०६:३१ ला होती. मधलं अंतर ४७ मिनिटं २९ सेकंद. ११:३०:०० मधून तेवढं वजा केलं की खरी वेळ निघते १०:४२:३१.

टूल रूममधल्या छोट्या स्विचवर एका पोर्टची लिंक वर आल्याची नोंद होती ०५:१६:३५ ची. हा स्विच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दाखवत होता, म्हणून ५ तास ३० मिनिटं मिळवायची. शिवाय तो ४ मिनिटं १० सेकंद पुढे होता, तेवढी वजा करायची. उत्तर १०:४२:२५. हाताने घेतलेल्या मापात सेकंदभराची चूक धरली तरी टूल रूममधलं पोर्ट आधी उठलं आणि सहा सेकंदांनी मशीन शॉप तक्रार करू लागलं, हा क्रम बदलत नाही. जागेवर पाहिल्यावर टेबलामागे लोंबणाऱ्या एका पॅच कॉर्डची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली होती, असं तिथल्या फिटरने सांगितलं. स्विचवर असा लूप, म्हणजे वाहतूक गोल फिरवून नेटवर्क बसवणारी जोडणी, ओळखणारी सोय होती, पण ती चालू केलेली नव्हती. पहाटे सव्वापाचच्या वाटणाऱ्या नोंदीकडे तोवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

लूपचं प्रकरण इथे मिटलं. घड्याळांचं इथून सुरू होतं.

रीच ३७७, तरी वेळ नाही

जुनी मांडणी अशी होती. विंडोजचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे संगणकांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, हा वेळेचा उगम, कोअर त्याला विचारतो, ॲक्सेस स्विच कोअरला विचारतात, छोटे स्विच थेट डोमेन कंट्रोलरला. कागदावर यात वावगं काहीच नाही. सगळ्या स्विचवर एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) सर्व्हरची ओळ होती. ओळ आहे म्हणजे वेळ जुळली, असं सगळे धरून चालले होते.

कोअरवर ‘शो एनटीपी असोसिएशन्स’ दिल्यावर डोमेन कंट्रोलरच्या ओळीत रीच ३७७ दिसत होतं. रीच हा आठ बिटांचा हिशेब असतो आणि तो अष्टमान पद्धतीत छापला जातो. शेवटच्या आठही विचारणांना उत्तर आलं की ३७७. शेवटचीच हुकली तर ३७६, शेवटून पाचवी हुकली तर ३५७ आणि आठही हुकल्या तर शून्य. म्हणजे पाकिटं नियमित जात-येत होती, फायरवॉलचा प्रश्न नव्हता. तरीही ओळीच्या सुरुवातीला जी चांदणी हवी, ती नव्हती. चांदणी म्हणजे ‘याच्याशी माझं घड्याळ बांधलं आहे’. ‘शो एनटीपी स्टेटस’ तर स्पष्टच सांगत होतं: अनसिंक्रोनाइज्ड, स्ट्रॅटम १६. स्ट्रॅटम म्हणजे मूळ वेळेपासूनची पायरी, आणि १६ म्हणजे वेळ जुळलेलीच नाही. लॉगमध्ये कोअरच्या प्रत्येक वेळेआधी एक टिंब होतं. ते टिंबही हेच सांगतं की घड्याळ चालू आहे, पण एनटीपीचा आधार सुटला आहे.

उत्तर येतंय पण स्वीकारलं जात नाही, अशा वेळी त्याच आज्ञेपुढे ‘डिटेल’ लावायचं. तिथे डोमेन कंट्रोलरपुढे ‘इन्सेन, इनव्हॅलिड’ असा शेरा होता आणि रूट डिस्पर्शन दहा हजार मिलिसेकंदांच्या वर. रूट डिस्पर्शन म्हणजे सर्व्हरने स्वतःच दिलेली कबुली: मूळ वेळेच्या तुलनेत माझं घड्याळ एवढं चुकलेलं असू शकतं. एनटीपी क्लायंटची सहनशक्ती साधारण एक-दीड सेकंदाची. दहा सेकंद म्हणजे थेट नकार.

डोमेन कंट्रोलर असं का म्हणत होता? त्यावर ‘डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स’ दिल्यावर उत्तर आलं: लोकल सीमॉस क्लॉक. पाच महिन्यांपूर्वी सर्व्हर बदलला होता. आयपी जुनाच ठेवला, पीडीसी एम्युलेटरची भूमिका नव्या यंत्रावर नेली, पण बाहेरून वेळ घ्यायचं सेटिंग जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेलं. डोमेनमधली इतर यंत्रं वेळेसाठी पीडीसी एम्युलेटरकडे पाहतात. तो स्वतः कुणाकडेच पाहत नव्हता, मदरबोर्डवरच्या क्वार्ट्झवर चालला होता. साध्या क्वार्ट्झमध्ये दशलक्षात वीस भागांची चूक सहज असते. दिवसाला होतात १.७ सेकंद, आणि पाच महिन्यांत चार मिनिटांच्या पुढे.

इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याची कारणंही तिथेच आहेत. विंडोजच्या केर्बेरॉस लॉगिन पद्धतीला पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालतो, त्यामुळे लॉगिन अडले नाहीत. सगळ्या संगणकांवर एकच चुकीची वेळ असल्याने आपापसात तक्रार नव्हती. ॲक्सेस स्विचना कोअरकडून स्ट्रॅटम १६ मिळत होता म्हणून ते त्याला मानत नव्हते, पण पूर्वी कधीतरी जुळलेल्या वेळेवर जवळपास बरोबर चालले होते. गुरुवारी वीज गेली, शॉप फ्लोअरचे यूपीएस दुपारी संपले. सर्व्हर रूम जनरेटरवर असल्याने कोअर चालू राहिला, ॲक्सेस स्विच मात्र बंद पडले. त्यांच्यात घड्याळाची बॅटरी नसते. वीज आल्यावर ते त्यांच्या जन्मतारखेपासून, १ मार्च १९९३ पासून, मोजू लागले. विजेने घड्याळं बिघडवली नाहीत, पाच महिन्यांचा बिघाड तिने उघडा पाडला.

छोट्या स्विचचं आणखी वेगळं. त्यांच्यात एसएनटीपी होतं, म्हणजे एनटीपीचीच पाकिटं पण पारख जवळजवळ नाही. डिस्पर्शन किती, सर्व्हर भरवशाचा आहे का, हे न पाहता मिळेल ती वेळ ते घेतात. म्हणून त्यांनी डोमेन कंट्रोलरची चार मिनिटं दहा सेकंदांची चूक मुकाट्याने उचलली. साडेपाच तासांचा टाइमझोन लावताना कुणीतरी ‘अप्लाय’ दाबलं होतं, ‘सेव्ह’ दाबलं नव्हतं. वीज गेल्यावर सर्व्हरचा पत्ता राहिला, कारण तो आधीच सेव्ह होता. टाइमझोन तेवढा उडाला.

डोमेन कंट्रोलरला विचारल्यावर पाकीट पाठवण्या-मिळण्याच्या चारही वेळांचं (सेकंदांत) गणित असं बसतं. विचारणाऱ्याने ०.००० ला पाकीट पाठवलं, सर्व्हरला त्याच्या घड्याळाने ते २५०.००३ ला मिळालं, त्याने २५०.००४ ला उत्तर सोडलं, ते विचारणाऱ्याकडे ०.००७ ला पोहोचलं. जातानाचा फरक २५०.००३, येतानाचा २४९.९९७. दोघांची सरासरी २५० सेकंद, हा ऑफसेट, म्हणजे दोन घड्याळांतला फरक. एकूण प्रवास ०.००७ वजा सर्व्हरने घेतलेला ०.००१, म्हणजे ६ मिलिसेकंद. सरासरी काढताना जाण्याचा आणि येण्याचा वेळ सारखा धरलेला असतो. तो सारखा नसेल तर त्या तफावतीच्या निम्मी चूक ऑफसेटमध्ये शिरते आणि कुठलीही आज्ञा ती दाखवत नाही. कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर हे नगण्य असतं, भरलेल्या इंटरनेट लाइनवर नसतं.

जो उपाय करायचा नव्हता

या दुखण्यावर सर्रास सुचवला जाणारा एक उपाय आहे: डोमेन कंट्रोलरच्या रजिस्ट्रीत ‘लोकलक्लॉकडिस्पर्शन’ शून्य करा. केलं की डोमेन कंट्रोलर ‘माझी चूक शून्य’ असं सांगू लागतो, स्विच खूश होतो, चांदणी उमटते. इथेही तीच सूचना आली. ती मानली असती तर १४ च्या १४ स्विच एकमताने चार मिनिटं पुढे गेले असते आणि पुन्हा तपासायला कुणी बसलं नसतं. कोअरचा नकार हा बिघाड नव्हता, त्या साखळीत आपलं काम चोख करणारा तो एकटाच होता. तपासणी आडवी येते म्हणून तपासणीच बंद करणं, हे वेळेच्या बाबतीत सगळ्यात महाग पडतं.

महाग कुणाला, तेही पाहावं. हजेरीची यंत्रं डोमेन कंट्रोलरवरूनच वेळ घेत होती. पहिली पाळी सातची. ६:५७ ला अंगठा लावलेल्या कामगाराची नोंद ७:०१ ची होत होती आणि लेट मार्क लागत होता. चार मिनिटं हा आयटीवाल्यांच्या दृष्टीने किरकोळ आकडा असेल, पण निगडीहून दोन बस बदलून येणाऱ्या माणसाच्या पगारातून तो कापला जात होता. मागचे लेट मार्क सरसकट चार मिनिटं वजा करून सुधारणंही बरोबर झालं नसतं, कारण चूक रोज थोडी थोडी वाढत आली होती. त्या पाच महिन्यांतले पाच मिनिटांच्या आतले सगळे लेट मार्क रद्द करणं हाच न्याय्य मार्ग होता आणि व्यवस्थापनाने तोच घेतला.

नवी मांडणी

सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी जुळवायची आहेत. लॉग १८० दिवस ठेवायचे, हेही त्यातच आहे. एनआयसीचे ‘समय१’ आणि ‘समय२ डॉट एनआयसी डॉट इन’, एनपीएलचा ‘टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी’. भारतीय प्रमाणवेळ सांभाळण्याचं काम दिल्लीच्या एनपीएलकडे आहे, त्यामुळे उगमाची निवड करायला फार विचार लागला नाही.

आत तीन उगम ठेवले. सर्व्हर रूममध्ये पंखा नसलेला एक छोटा लिनक्स संगणक, पेंट शॉपच्या इमारतीत तसाच दुसरा, आणि तिसरी फायरवॉल, जी स्वतः बाहेरून वेळ घेते आणि आत देते. तिघंही आपापलं बाहेर विचारतात, एकमेकांकडून घेत नाहीत. तीनच का? एका सर्व्हरवर त्याची चूक हेच सत्य. दोन असले आणि त्यांचं जमलं नाही, तर कोण खरा ते स्विचला ठरवता येत नाही. तीन असले की एक भरकटला तरी दोघांचं बहुमत उरतं. छतावर जीपीएस अँटेना लावून एकच महागडी पेटी घ्यावी, असाही प्रस्ताव होता. पेटी चांगलीच असते, पण एकटी नको. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी-आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तो आला तेव्हा जुनं फर्मवेअर असलेली काही उपकरणं जवळजवळ वीस वर्षं मागे गेली. तशा पेटीशेजारी दुसरे दोन उगम असतील तर स्विच तिला बाजूला टाकतो.

लिनक्स संगणकांवर क्रोनी हे एनटीपीने वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर बसवलं. बाहेरचे तीन सर्व्हर ‘आयबर्स्ट’सह, म्हणजे सुरुवातीला एकामागोमाग विचारणा करून घड्याळ लवकर जुळतं. ‘मेकस्टेप १.० ३’, म्हणजे पहिल्या तीन दुरुस्त्यांमध्ये सेकंदापेक्षा जास्त फरक असेल तर घड्याळ एकदम सरकवायचं, नंतर मात्र हळूहळूच. ‘आरटीसीसिंक’, म्हणजे मदरबोर्डचं घड्याळही सोबत बरोबर राहतं. ‘लोकल स्ट्रॅटम १० ऑर्फन’, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी आत वेळ देणं चालू राहतं. ही शेवटची ओळ घालायची तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी ठणठणीत हवी. ती मेलेली असेल तर वीज आल्यावर हाच संगणक आत्मविश्वासाने खोटी वेळ वाटत सुटेल.

पहिला अडथळा इथेच आला. क्रोनीच्या यादीत तिन्ही बाहेरच्या सर्व्हरपुढे रीच शून्य. त्याच संगणकावर पूर्वी एनटीपीडी हा याच कामाचा जुना प्रोग्रॅम चालायचा आणि तो तर जुळायचा. फायरवॉलचा जुना नियम होता: यूडीपी, सोर्स पोर्ट १२३, डेस्टिनेशन पोर्ट १२३. एनटीपीडी दोन्ही बाजूंना १२३ वापरतो म्हणून त्याला वाट मिळायची. क्रोनी विचारताना सोर्स पोर्ट दर वेळी वेगळं घेतो, ते चांगलंच आहे, पण या नियमात ते बसत नाही. सोर्स ‘कुठलाही’, डेस्टिनेशन १२३, आणि परवानगी फक्त या दोन संगणकांना, असा नियम केल्यावर पाच मिनिटांत तिन्ही ओळी जिवंत झाल्या. बाकी सगळ्या कारखान्याला बाहेर १२३ वर जायची वाट बंद केली.

डोमेन कंट्रोलरला ‘मॅन्युअलपीअरलिस्ट’मध्ये हे दोन संगणक दिले, प्रत्येकापुढे ‘,०एक्स८’, म्हणजे क्लायंट म्हणून विचार. ‘सिंकफ्रॉमफ्लॅग्ज मॅन्युअल’, ‘रिलायबल यस’, ‘अपडेट’. वेळ मात्र त्या दिवशी बदलली नाही. २५० सेकंद मागे जायचं होतं, आणि घड्याळ मागे नेणं पुढे नेण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. उत्पादनाच्या डेटाबेसमध्ये एकाच वेळेच्या दोन नोंदी होतात, ठरलेली कामं दुसऱ्यांदा सुटतात. एनटीपीच्या ५०० पीपीएम (दशलक्षात ५०० भाग) गतीने हळूहळू मागे आणायचं म्हटलं तर २५० सेकंदांना पाच लाख सेकंद लागतात, जवळजवळ सहा दिवस. म्हणून पुढच्या गुरुवारच्या सुट्टीत डेटाबेसच्या सेवा थांबवून, घड्याळ एकदम सरकवून, दहा मिनिटं वाट पाहून सेवा पुन्हा सुरू केल्या.

स्विचवरच्या ओळी

ॲक्सेस स्विचवर दिलेल्या आज्ञा या क्रमाने होत्या:

क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०
सर्व्हिस टाइमस्टॅम्प्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम शो-टाइमझोन इयर
एनटीपी ऑथेंटिकेशन-की १० एमडी५ (गुप्त शब्द)
एनटीपी ट्रस्टेड-की १०
एनटीपी ऑथेंटिकेट
एनटीपी सोर्स व्हीलॅन १०
एनटीपी सर्व्हर १०.२०.१.११ की १०
एनटीपी सर्व्हर १०.२०.१.१२ की १०
एनटीपी सर्व्हर १०.२०.१.१

टाइमझोन सगळ्यात आधी, कारण हाताने लावलेली वेळ स्विच स्थानिक म्हणून समजतो. आधी वेळ लावून मग टाइमझोन दिला की घड्याळ साडेपाच तास पुढे पळतं. ‘आयएसटी’ हे फक्त लेबल आहे, खरं काम ५ आणि ३० करतात. ३० विसरला तर स्विच ५ तासांवर बसतो, आणि अर्ध्या तासाची चूक पटकन डोळ्यांत भरत नाही. टाइमझोननंतर ‘क्लॉक सेट’ने वेळ मिनिटभराच्या आत आणून ठेवली. १९९३ पासून आजवरची उडी काही एनटीपी अंमलबजावण्या घेत नाहीत, एनटीपीडी तर १००० सेकंदांच्या वर फरक दिसला की थांबतो. हाताने जवळ आणून ठेवण्यात तोटा काहीच नाही.

‘इयर’ आणि ‘शो-टाइमझोन’ यांच्याबद्दल थोडा आग्रह आहे. जुन्या पद्धतीच्या सिसलॉग नोंदीत वर्षही नसतं आणि टाइमझोनही नसतो. ‘१ मार्च’ हे १९९३ चं की यंदाचं, ते ओळ सांगत नाही. तपासाच्या दिवशी मार्च महिनाच चालू असता तर गोंधळ किती वाढला असता, याचा विचार करावा. सिसलॉग सर्व्हरवर नोंद पोहोचल्याची वेळही वेगळी साठवायला सुरुवात केली. यंत्राचं घड्याळ खोटं बोललं तर निदान पोहोचल्याची वेळ हाताशी राहते.

किल्लीच्या, म्हणजे वेळ देणारा खरा आहे का ते तपासणाऱ्या गुप्त शब्दाच्या, तीन ओळींमध्ये ‘ट्रस्टेड-की’ हमखास विसरली जाते. मग किल्ली असते, पण तिच्यावर भरवसा नसतो, आणि उत्तरं टाकून दिली जातात. दुसरी चूक नक्कल करताना होते. स्विच किल्ली झाकून दाखवतो आणि तिच्यामागे ७ लावतो. तो झाकलेला मजकूर दुसऱ्या स्विचवर ७ शिवाय चिकटवला की तोच मजकूर किल्ली बनतो आणि जुळणी होत नाही. नऊपैकी दोन स्विचवर हेच झालं होतं. तिसऱ्या सर्व्हरच्या ओळीत किल्ली नाही, कारण फायरवॉलला ती देता येत नव्हती. ‘एनटीपी ऑथेंटिकेट’ एकटं असून भागत नाही. सर्व्हरच्या ओळीत ‘की’ नसेल तर त्या सर्व्हरची तपासणी होत नाही, हे ठाऊक ठेवूनच ही सवलत दिली.

एनटीपी चालू झालं की असा स्विच विचारणाऱ्याला वेळ देऊही लागतो. म्हणून ‘एनटीपी ॲक्सेस-ग्रुप पीअर’ लावून फक्त या तीन पत्त्यांना मुभा दिली. २०१३-१४ मध्ये उघड्या एनटीपी सर्व्हरच्या मॉनलिस्ट सोयीचा वापर करून मोठे हल्ले झाले होते. गरज नसलेलं दार उघडं ठेवायचं कारण नाही.

‘एनटीपी सोर्स’ची ओळ पेंट शॉपच्या स्विचमुळे सगळीकडे आली. नवातला तो एकच राउटिंगही करतो, त्याचे दोन पत्ते आहेत. मॅनेजमेंटचा १०.२०.१०.१९ आणि कोअरकडच्या दुव्याचा १७२.१६.५.२. सोर्स सांगितला नाही तर पाकीट ज्या दारातून निघतं त्या दाराचा पत्ता घेतं, म्हणजे १७२ चा. क्रोनीला ‘अलाउ १०.२०.०.०/१६’ एवढंच सांगितलेलं होतं. पिंग जात होतं, रीच शून्यच. क्रोनीवर ‘ॲकचेक १७२.१६.५.२’ दिल्यावर उत्तर: ॲक्सेस डिनाइड. सोर्स व्हीलॅन १०, म्हणजे मॅनेजमेंटचं आभासी नेटवर्क, केल्यावर प्रश्न संपला.

छोट्या चार स्विचवर तीन गोष्टी केल्या: सर्व्हर म्हणून पहिला लिनक्स संगणक, यादीतून ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’चा साडेपाच तासांचा पर्याय, डेलाइट सेव्हिंग बंद. मग ‘अप्लाय’, मग ‘सेव्ह’, मग वीज काढून पुन्हा लावून खात्री. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरवर उलट गंमत झालेली सापडली. आधी कुणीतरी हाताने भारतीय वेळ लावली होती. टाइमझोन देताच तिच्यावर आणखी साडेपाच तास चढले. एनटीपीची पहिली जुळणी झाल्यावर ते आपोआप उतरले, पण मधल्या वीस मिनिटांच्या चित्रणावर चुकीची वेळ छापली गेली. ती नोंदवहीत लिहून ठेवली आहे.

पडताळणी

आज्ञा दिल्यावर लगेच ‘स्टेटस’ पाहून निराश होऊ नये. विचारणा ६४ सेकंदांनी एक, रीच ३७७ व्हायला आठ विचारणा, म्हणजे साडेआठ मिनिटं. मधे १, ३, ७, १७, ३७, ७७, १७७ असे आकडे दिसतात. ते चढत असतील तर हात लावू नये. अधीर होऊन ओळ काढून पुन्हा घातली की मोजणी पहिल्यापासून. घड्याळ स्थिरावलं की स्विच विचारणेचं अंतर वाढवत १०२४ सेकंदांपर्यंत नेतो. तेव्हा एखादी विचारणा हुकली तर तिचा डाग रीचमध्ये दोन तासांहून जास्त राहतो. तो पाहून घाबरायचं नसतं.

प्रत्येक स्विचवर चार गोष्टी लिहून घेतल्या: एका ओळीपुढे चांदणी, उरलेल्या दोघांपुढे अधिकचं चिन्ह, कुठेही ‘एक्स’ नाही आणि ऑफसेट दोन आकडी मिलिसेकंदांच्या आत. ‘एक्स’ म्हणजे बहुमताने खोटा ठरवलेला सर्व्हर. शिवाय ‘शो क्लॉक’मध्ये वेळेआधी चांदणी किंवा टिंब नको. एकच चिन्ह दोन ठिकाणी उलट अर्थाने येतं, हे नव्या माणसाला आवर्जून सांगावं लागतं. असोसिएशन्सच्या यादीत चांदणी चांगली, घड्याळापुढची चांदणी वाईट.

खरी परीक्षा वीज घालवून घेतली, त्याच गुरुवारी. शॉप फ्लोअरचे यूपीएस बंद केले, दोन्ही लिनक्स संगणकही बंद केले, मग सगळं एकदम चालू केलं. स्विच तीन मिनिटांत उठले, संगणकांना त्याहून जास्त वेळ लागला, आणि ॲक्सेस स्विच पूर्ण जुळायला बारा मिनिटं लागली. या बारा मिनिटांच्या नोंदींवर १९९३ च येणार, बॅटरी नसलेल्या स्विचवर त्याला इलाज नाही. तेवढ्या काळासाठी सिसलॉग सर्व्हरवरची पोहोचल्याची वेळ वापरायची, असं कार्यपद्धतीत लिहिलं. नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीत दोन इशारे लावले: स्ट्रॅटम १६ पंधरा मिनिटांहून जास्त टिकला तर, आणि ऑफसेट १०० मिलिसेकंदांच्या वर गेला तर. डोमेन कंट्रोलरचा सोर्स ‘लोकल सीमॉस क्लॉक’ झाला तर वेगळा इशारा आहे. सर्व्हर बदलाच्या यादीतही ‘वेळेचा उगम’ ही ओळ आली.

एक उणीव अजून आहे. छोट्या स्विचवर किल्ली चालत नाही, दुसरा सर्व्हर देता येत नाही आणि एसएनटीपी मिळेल ते घेतं. तूर्त त्यांचा मॅनेजमेंट व्हीलॅन वेगळा केला आहे आणि त्यात पहिल्या लिनक्स संगणकाशिवाय कुणाचीही १२३ वरची पाकिटं शिरू दिली जात नाहीत. पुढच्या खरेदीत पूर्ण एनटीपी, किमान तीन सर्व्हर आणि किल्लीची सोय या अटी निविदेत घातल्या आहेत. टूल रूमचा स्विच त्यात पहिला बदलला जाणार आहे. तोवर त्याच्यावरची लूप ओळखायची सोय चालू करून, सेव्ह करून ठेवली आहे.